राडारोड्यावरचं सामायिक शेत

आम्ही पुण्यातल्या एका वस्तीतल्या बायका. एकवीस जणी आहोत. आज आवाज एकीचा ऐकू येत असला तरी बोलणं सगळ्यांचं आहे, काय सांगायचं ते रविवारी वाफ्याच्या कडेला बसून ठरवून आलोय. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणी तुमच्याच बाजूच्या. कुणी माण-खटावची, कुणी करमाळ्याची, कुणी बीडकडची. पोटासाठी कुणी धुणंभांडी करतं, कुणी कचरा वेचतं, दोघी शिलाई करतात, एक अंगणवाडीत मदतनीस आहे. कोरडवाहू जमीन मागे ठेवून आलेल्या बायका शहरात येऊन पुन्हा शेतीच करायला लागल्या, म्हणून केंद्रातल्या ताईंनी आम्हाला बोलावलं.

शेत म्हणजे किती, ते आधीच सांगून टाकतो. तीन गुंठे. तुमच्याकडे एवढी जागा खळ्याला आणि गोठ्याला जाते. हसलात तरी चालेल, आमच्या सासरची माणसंही हसली होती. पण शहरात तीन गुंठे मोकळे असणं हीच मोठी गोष्ट. तशी जागा दिसली की तिच्यावर दहा जणांचा डोळा असतो. कुणाला गाड्या लावायच्या असतात, कुणाला मंडप घालायचा असतो, आणि उरलेल्या सगळ्यांना रात्री कचरा टाकायचा असतो.

आमच्या जागेत हे तिन्ही चालू होतं. शिवाय अंधार पडला की पिणारे येऊन बसायचे. पोरी क्लासवरून येताना लांबून फिरून यायच्या. खरं सांगायचं तर सुरुवातीला कुणाच्या मनात भाजी नव्हतीच. ही जागा आपल्या ताब्यात यावी, तिथं दिवा लागावा, येणं-जाणं मोकळं व्हावं एवढंच होतं. भाजीचं नाव नंतर निघालं, कारण नुसतं 'जागा स्वच्छ ठेवतो' म्हणून कुणी परवानगी देत नाही आणि नुसती स्वच्छ केलेली जागा आठ दिवसांत परत घाण होते. जिथं रोज कुणीतरी पाणी घालायला येतं, तिथं कचरा टाकायला माणूस दचकतो.

शहरात बेवारस जमीन नसते, हे पहिलं कळलं. गवत वाढलेलं असलं, कुंपण मोडलेलं असलं, तरी कागदावर ती कुणाची तरी असते. महापालिकेची असते, सोसायटीची असते, शाळेची, देवस्थानाची, रेल्वेची असते. आमची जागा महापालिकेची निघाली. मग क्षेत्रीय कार्यालय, तिथून उद्यान विभाग, तिथून मालमत्ता विभाग, असे खेटे घातले. आमचा बचत गट नोंदलेला होता, बँकेचं पासबुक होतं, ठरावाची वही होती. हे तीन कागद नसते तर आम्हाला कुणी खुर्चीवर बसायलाही सांगितलं नसतं. अर्जाला जागेचा हातानं काढलेला नकाशा जोडला. त्यात वाफे, पायवाट, खताचा ढीग आणि पाण्याची पिंपं कुठं येणार ते दाखवलं. परवानगी मिळाली ती अकरा महिन्यांची. अटी अशा, की पक्कं बांधकाम करायचं नाही, कायमचं कुंपण घालायचं नाही, झाडं लावायची नाहीत, आणि पालिकेला गरज लागली की जागा सोडायची. झाडांची अट आम्हाला विचित्र वाटली होती. मग कळलं की महाराष्ट्रात शहरांसाठी १९७५ सालचा झाडांच्या जतनाचा कायदा आहे. झाड एकदा मोठं झालं की परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून जागा परत हवी असलेलं कार्यालय झाड लावूच देत नाही.

कागद हातात आला आणि आम्ही कुदळी घेऊन गेलो. पहिली कुदळ ठण् वाजली. खाली माती नव्हतीच. राडारोडा होता. विटांचे तुकडे, सिमेंटचे ढेकूळ, फरशा, काचा, तारा, प्लास्टिकच्या पिशव्या. कुठलं तरी घर पाडून त्याचा मलबा वर्षानुवर्षं तिथं आणून टाकलेला. दोन दिवस उपसला, पण दोन फूट खाली गेलं तरी तेच.

इथं जरा थांबून सांगतो, कारण गावातही आता घरं पाडून नवी बांधली जातात आणि तो मलबा परसात पडतो. सिमेंटमध्ये चुना असतो. तो मातीत मुरला की माती अल्कधर्मी होते. मग मातीत लोह असलं तरी झाडाला ते घेता येत नाही. पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्याला वाटतं खत कमी पडलं, म्हणून आपण आणखी खत टाकतो.

दुसरी गोष्ट शिशाची. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, आणि २००० सालापर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्येही शिसं होतं. शिसं कुजत नाही, धुऊन जात नाही, मातीत बसून राहतं. जिथं पूर्वी गॅरेज होतं, बॅटऱ्या फोडायचं किंवा भंगाराचं काम चालायचं, त्या मातीत पालेभाजी आणि मुळा-गाजर लावू नये. फळभाजीत शिसं त्या मानानं फार कमी उतरतं. आणि सगळ्यांत जास्त धोका भाजीपेक्षा लहान पोरांना असतो. ती मातीत खेळतात आणि तेच हात तोंडात घालतात. कृषी महाविद्यालयात मातीचं परीक्षण होतं, पण नेहमीच्या परीक्षणात सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश असं बघतात. शिसं त्यात येत नाही, ते वेगळं सांगून तपासावं लागतं आणि त्याला पैसे जास्त पडतात.

मग जी जमीन आहे तिच्यात पेरायचंच नाही असं ठरलं. तिच्यावर नवी माती करायची. राडारोड्यातल्याच विटा निवडून हातभर रुंदीच्या पायवाटा सोडल्या, त्याच विटांचे कठडे रचले आणि सव्वा फूट उंचीचे वाफे केले. काहीच विकत आणायला लागलं नाही, उलट राडारोडा उचलून नेण्याचा खर्च वाचला. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की क्युबा नावाच्या देशात असंच झालं. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि तिकडून येणारं तेल, खत सगळं थांबलं. हवाना हे त्यांचं राजधानीचं शहर. लोकांनी तिथल्या पडीक जागांवर फरशा-पत्रे-विटांचे कठडे करून त्यात खतमाती भरली आणि भाजी काढली. त्यांच्यावर ती वेळ आली होती म्हणून त्यांनी केलं. आमच्यावर उपाशी राहायची वेळ नव्हती, पण वाफा तसाच केला.

आता त्यात भरायचं काय? माती विकत घ्यायची तर ट्रॅक्टरभर मातीचा भाव ऐकून आम्ही गप्प झालो. आणि ती कुठल्या तरी शेताचीच वरची थर खरवडून आणलेली असते. आमच्यातली करमाळ्याची बाई म्हणाली, 'माझ्या भावाच्या रानातली माती उकरून मी पुण्यात भाजी लावू का?' त्यावर कुणी काही बोललं नाही.

कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर सर गणिताचे प्राध्यापक होते, प्रयोग परिवार ही चळवळ त्यांची. त्या परिवारातून आणि पुढे त्या वाटेनं गेलेल्या लोकांकडून जी रीत पसरली ती आम्ही धरली. त्यात मातीपेक्षा पालापाचोळा जास्त लागतो, आणि पालापाचोळ्याला शहरात तोटा नाही. माघ-फाल्गुनात रस्त्याकडेची झाडं पानं गाळतात, ती झाडून पेटवली जातात. झाडणाऱ्या बायकांना आम्ही सांगितलं, पोत्यात भरून आमच्या दारात टाका. त्यांचीही उचलायची खेप वाचली. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणली, तो तर वाटच बघत होता कुणी नेतंय का म्हणून. शेण मात्र विकत. वस्तीपलीकडे एक गोठा आहे, तिथून पाटीनं आणतो.

अमृतजल करायचं ते असं. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ कालवायचा. तीन दिवस सावलीत झाकून ठेवायचं, दिवसातून दोन-तीनदा काठीनं ढवळायचं. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी घालायचं. मग पाला आणि चिपाडं त्यात भिजवून वाफ्यात पातळ थर द्यायचा, वर मूठ-मूठ चांगली माती भुरभुरायची, परत थर. फूटभर झालं की झाकायचं. महिनाभर दर आठवड्याला खालीवर करायचं, ओल राखायची. नंतर त्यातच मिळेल ते बी मिसळून पेरायचं. मूग, मेथी, धने, नाचणी, तीळ, काहीही. रोपं कोवळी असतानाच कापून तिथंच जिरवायची. असं दोन-तीनदा केलं की चार-साडेचार महिन्यांत काळीभोर, हलकी, पावसाच्या वासाची माती तयार होते. मुठीत धरली तर गोळा होतो, टिचकी मारली तर फुटतो.

हे चार महिने फार जड गेले. रोज पाणी घालायचं आणि दिसायला काहीच नाही. येणारे-जाणारे विचारायचे, 'ताई, पाला पुरताय की पैसा?' नऊ जणी तेव्हाच गळाल्या. तीस जणींनी सुरुवात केली होती, एकवीस राहिल्या. कुणावर राग नाही. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईला संध्याकाळी पाला उलटायला सांगणं सोपं नाही.

बरेच जण विचारतात, एवढं करण्यापेक्षा गच्चीवर का नाही लावलं? लावता येतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मोठ्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास कर्मचाऱ्यांनी स्वयंपाकाच्या ओल्या कचऱ्यावर मोठी बाग उभी केली, ती पुष्कळ लोकांनी जाऊन बघितली. पण वजनाचा हिशेब करा. दहा बाय दहाच्या गच्चीवर फूटभर ओली माती टाकली तर तिचं वजन चार टनांच्या वर जातं. आमच्या घरांवर पत्रे आहेत. पाल्यापासून केलेली माती हलकी असते म्हणून गच्चीला तीच बरी, तरीही स्लॅब किती पेलेल ते जाणत्याला विचारूनच करावं.

ओल्या कचऱ्याचं सांगताना आमच्यात झालेलं एक भांडण सांगायलाच हवं. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणं सगळ्यांना बंधनकारक झालं. आम्हाला खतासाठी भाजीची देठं-सालं हवी होती. मंडईतून, शेजारच्या सोसायटीतून ती मिळायला लागली. आमच्या गटात पाच जणी कचरावेचक आहेत. ढिगाचं काम आपोआप त्यांच्याकडे गेलं. कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही, त्या आल्या की बाकीच्या वाफ्याकडे सरकायच्या. एका रविवारी त्यांतली एक सरळ म्हणाली, 'दिवसभर आम्ही तुमचाच कचरा उचलतो. इथंही आम्हीच का? आम्हाला काय मेथी खुडता येत नाही?'

त्या दिवशी कुणाला जेवण गोड लागलं नसेल. काही जणी म्हणाल्या, त्यांना ते जमतं म्हणून. काही जणींनी नवऱ्याचं, सासूचं कारण पुढं केलं, घरी चालणार नाही म्हणाल्या. मैत्रिणींनो, हे कशामुळं आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. खताच्या ढिगाला जात कळत नाही, पण ढिगाशी कोण उभं राहणार हे जातीवरनंच ठरत होतं. तीन रविवार त्यातच गेले. शेवटी वहीत लिहिलं, की ढिगाची पाळी प्रत्येकीला येणार, दर आठवड्याला तिघी. जिला ढीग नको तिला वाटाही नाही. दोघी तेवढ्यावरून आठवडाभर आल्या नाहीत, मग आल्या. आता ढीग चांगला राहतो तो त्या पाच जणींमुळंच. ओलं फार झालं तर वास मारतो, म्हणून एक पाटी ओल्याला दोन पाट्या सुका पाला, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं. शिजलेलं अन्न टाकायचं नाही, नाहीतर घुशी येतात. घुशी काय करतात ते तुम्हाला सांगायला नको.

पाण्याचं सांगतो. दहा बाय दहाच्या वाफ्याला उन्हाळ्यात रोज साधारण पंचेचाळीस लिटर पाणी लागतं, म्हणजे पंधरा लिटरच्या तीन बादल्या. आमच्या तीन गुंठ्यांतली वाटा, ढीग, कोपरे सोडून निम्मी जागा लागवडीखाली येते. तिला रोज सातशे लिटरच्या आसपास हवं. ज्या नळावर आम्ही स्वतः पहाटे रांगा लावतो ते पाणी वाफ्याला घालणं मनाला पटेना. नाल्याचं पाणी तर नकोच. मुंबईत रेल्वेच्या कडेला जी पालेभाजी दिसायची, रेल्वेनं 'अधिक धान्य पिकवा' योजनेत कर्मचाऱ्यांना दिलेल्या जागेत व्हायची ती, तिच्यावर याच कारणानं वर्षानुवर्षं ओरड झाली, की गटाराचं पाणी घालतात. आम्ही शेजारच्या सोसायटीशी बोलणी केली. त्यांच्या बोअरचं पाणी रोज सकाळी अर्धा तास आम्हाला, त्यांचा सगळा पालापाचोळा आणि भाजीचा कचरा आम्ही न्यायचा. पावसाळ्यात पत्र्यांच्या पन्हाळीखाली पिंपं ठेवतो. शंभर चौरस फूट पत्र्यावर एक इंच पाऊस पडला की दोनशे लिटरचं पिंप भरून वाहतं. उन्हाळ्यात बोअर आटतं, तेव्हा निम्मे वाफे पाल्यानं झाकून मोकळे ठेवतो.

ऊन ही शहरातली आणखी एक अडचण. दक्षिणेला पाच मजली इमारत आहे. वैशाखात तिची सावली आमच्यापर्यंत येत नाही, पण मार्गशीर्ष-पौषात सूर्य दक्षिणेला कलला की अर्धी जागा सावलीत जाते. सकाळी नऊला, बाराला आणि तीनला जमिनीवर चुन्यानं सावलीची रेघ मारली आणि त्याप्रमाणं वाफे ठरवले. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडीला सहा तास तरी ऊन हवं. पालक, मेथी, कोथिंबीर, आळू यांचं कमी उन्हात भागतं.

मिळतं किती, हा तुमचा प्रश्न असणारच. आठवड्याला घरटी दोन-तीन जुड्या पालेभाजी, हंगामात थोडी वांगी, भेंडी, मिरच्या. माठ आणि मेथी महिन्याभरात हाती येते, पालक खुडून खुडून चालतो. चाकवत, अंबाडी, घोळ, तांदुळजा या मंडईत कमी दिसणाऱ्या भाज्या आम्ही मुद्दाम लावतो. उरलं तर रविवारी दारातच विकतो आणि पैसे गटाच्या खात्यात. यावर एकवीस घरांचं पोट भरत नाही, आणि शहरं आपलं अन्न आपणच पिकवतील असं कुणी भाषणात म्हणालं तर त्याला भाकरी कुठून येते ते विचारावं. ज्वारी, डाळ, कांदा, तेल हे तुमच्याकडूनच येणार. त्यामुळं आमच्या शेतानं तुमच्या भाजीचा बाजार पडेल ही भीती नको. उलट, जुडी उभी करायला किती राबावं लागतं हे कळल्यापासून आमच्यातली एकही जण मंडईत दोन रुपयांसाठी घासाघीस करत नाही. निदान आमच्यासमोर तरी नाही.

वाटणीचा नियम करायला मातीपेक्षा जास्त वेळ लागला. ज्याचा वाफा त्याची भाजी, असं काही जणींना हवं होतं. पण मग पाणी कुणी आधी घालायचं आणि ऊन कुणाच्या वाफ्याला जास्त, यावरून वाद व्हायला लागले. आता कडेचे वाफे दोन-दोन घरांना दिलेत आणि मधले सगळे सामायिक. तास वहीत लिहितो, पण आजारी, बाळंतीण आणि सत्तरीच्या पुढच्या बाईचे तास मोजत नाही. आमच्यात एक आजी आहेत, त्या फक्त खुर्ची टाकून बसतात. त्या बसल्या की वांगी चोरीला जात नाहीत. ते काम नाही का?

गणपती मंडळाच्या पोरांशीही असाच तोडगा निघाला. रस्त्याकडची पंधरा फुटांची पट्टी आम्ही भाद्रपदात रिकामी ठेवतो, मंडप तिथं पडतो. पहिली भाजी श्रावणात काढून घेतो, मंडप उतरला की अश्विनात पुन्हा पेरतो. बदल्यात मंडळानं एक दिवा लावून दिला आणि पिणाऱ्यांना तीच पोरं उठवतात. आमच्या सांगण्यानं ते कधी उठले नसते.

आता आजची गोष्ट. अकरा महिन्यांची परवानगी एकदा वाढवून मिळाली, ती आषाढाच्या शेवटी संपते. वस्तीतल्या आणि सोसायटीतल्या काही लोकांनी तिथं वाहनतळ करा म्हणून सह्यांचं निवेदन दिलंय. त्यांचंही खोटं नाही. रिक्षावाल्यांना रात्री गाडी लावायला जागा नाही, काचा फुटतात. त्यांच्यात आमच्यातल्या तिघींचे नवरे आहेत. निम्मी जागा त्यांना, निम्मी आम्हाला, असा एक विचार निघालाय. पण दीड गुंठ्यात मधले वाफे राहत नाहीत, आणि राडारोड्यावर चार महिने घालून केलेली माती गाड्यांखाली चेपली की गेली. ती माती पोत्यात भरून दुसरीकडे नेता येईल का, याचीही मोजदाद आम्ही करून ठेवलीय. तोवर तीस दिवसांत येणारंच पेरतोय. माठ, मेथी, पालक. दुधी आणि घोसाळी या वर्षी लावावी की नाही, यावर एकमत नाही.

आणि शेवगा. झाड लावायचं नाही ही अट आहे, पण शेवग्याशिवाय भाजीचं शेत कसलं, म्हणून आजींनी गावाहून फांदी आणून अर्ध्या कापलेल्या पिंपात लावली. पिंप उचलता येतं, म्हणजे अट मोडली नाही. परवा पाणी घालताना दिसलं, त्याची मुळं तळाच्या भोकातून खाली उतरलीत. पिंप आत्ताच हलवायचं की राहू द्यायचं, ते येत्या रविवारी ठरेल.

तुमच्याकडून आम्हाला एक हवंय. बी. दुकानातल्या पाकिटात बहुतेक संकरित बी असतं. त्याच्या फळातलं बी धरून पेरलं तर दुसऱ्या वर्षी पीक तसंच येत नाही, आणि दर वेळी पाकीट घेणं परवडत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बी जपलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे तुम्ही ऐकलंच असेल. तुमच्या घरातही गाडग्यात, राखेत घालून ठेवलेलं काहीतरी असेल. वाल, घेवडा, चाकवत, राजगिरा, गावरान मिरची, काटेरी वांगं. मूठभर चालेल. चिठ्ठीवर नाव, गाव आणि कधी पेरायचं ते लिहा आणि पुडी केंद्रावर ताईंकडे द्या. आमच्यातली एक जण दर अमावस्येला म्हसवडला देवाला येते, ती घेऊन जाईल.